फॅट बेअर वीकमध्ये मत नक्की कशावर द्यायचं?

जाईची_आई :
लेकीच्या नादाने आमचं सगळं घर सध्या अलास्कातली अस्वलं बघतंय. काटमाई नॅशनल पार्क, ब्रूक्स नदीवरचा तो पुरुषभर उंचीचा धबधबा आणि तिथे लावलेले लाईव्ह कॅमेरे. तिकडे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, त्यामुळे नेमकी झोपायच्या वेळेला अस्वलं माशांवर तुटून पडतात आणि मग कोण उठतंय तिथून. तर सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात यांची 'सगळ्यात जाडं कोण' अशी निवडणूक असते, दोन-दोन अस्वलं समोरासमोर आणि ऑनलाईन मतदान. पण वजन तर कुणी करत नाही, मग मत द्यायचं कशावर? शिवाय सासूबाई म्हणाल्या की मुक्या जनावराच्या जाडेपणाची अशी चेष्टा कशाला, आणि सगळीकडचे मीम्स बघून मलाही थोडं तसंच वाटायला लागलंय. माहीतगारांनी सांगा.

नदीकाठचा :
ताई, सासूबाईंना आधी हे सांगा की तिथे जाड असणं म्हणजे जिवंत राहणं. गुहेत शिरलं की कित्येक महिने खाणं नाही, पाणी नाही, शी-शू पण नाही, सगळं अंगावरच्या चरबीवर चालतं आणि वसंतात बाहेर येईपर्यंत एक तृतीयांश वजन उतरलेलं असू शकतं. जुलैत तिथला मोठा नर २७०-४०० किलोचा असतो तो ऑक्टोबरपर्यंत ४५० च्या वर जातो, ही सगळी हिवाळ्याची बेगमी. माद्यांचं तर मला फारच नवल वाटतं, मीलन होतं उन्हाळ्याच्या सुरुवातीला पण गर्भ तसाच थांबून राहतो आणि पुरेशी चरबी साठली असेल तरच हिवाळ्याच्या तोंडावर रुजतो. पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत गुहेतच होतात आणि आई स्वतः उपाशी राहून त्यांना पाजते. एवढं कळल्यावर ते लोंबतं पोट बघून मला तरी आनंदच होतो.

मतदानाला साइटवर प्रत्येकाचे दोन फोटो असतात, उन्हाळ्यातला हडकुळा आणि आत्ताचा. ते नीट बघा आणि त्याचं वर्ष कसं गेलं ते वाचा. निव्वळ आकार बघायचा तर ७४७ नंबरचं अस्वल (तिथे अस्वलांना नंबर दिलेले असतात), २०२० मध्ये लिडार म्हणजे लेझरने मोजणाऱ्या स्कॅनवरून त्याचा अंदाज ६३५ किलोच्या आसपास निघाला होता. पण माझं मत कायम ४८० ला, म्हणजे ओटिसला. म्हातारा, दात झिजलेले, काही पडलेले, तरी धावपळ नाही की मारामारी नाही, धबधब्याशेजारच्या आपल्या ठरलेल्या जागेवर पाण्यात बसून राहायचा आणि मासा समोर आला की उचलायचा. त्या जागेला लोक त्याचं ऑफिसच म्हणायचे. २०१४ ला हा प्रकार एका दिवसापुरता सुरू झाला तेव्हा पहिला तोच जिंकला, नंतर २०१६, २०१७ आणि २०२१. २०२४ पासून तो कॅमेऱ्यावर दिसला नाही, जीव तुटतो हो.

ग्रेझर_फॅन :
ओटिस मोठाच, पण १२८ ग्रेझरला कसं विसरता!! २०२४ च्या जुलैत तिची पिल्लं धबधब्यावरून खाली वाहत आली आणि खाली ३२ नंबरचा चंक उभा, त्याने हल्ला केला, ती सरळ त्या धिप्पाड नरावर धावून गेली, पण एक पिल्लू गेलंच. आणि ऑक्टोबरात फायनल कुणाची तर ग्रेझर आणि चंकची. दुपटीहून जास्त मतांनी जिंकली माझी बाई, २०२३ पाठोपाठ दुसऱ्यांदा. चंकचंही सांगायला हवं, २०२५ ला जबडा मोडलेला असताना सामन मासे खाऊन खाऊन एवढा झाला की तोच जिंकला, आणि तेव्हा मी त्यालाच मत दिलं.

आणि हो, गेली काही वर्षं दहा लाखांवर मतं पडतात. २०२२ ला सेमीफायनलमध्ये चक्क बोगस मतदान पकडलं होतं, नंतर कॅप्चा लावला. अस्वलांच्या निवडणुकीत!

जाईची_आई :
गर्भाचं वाचून सासूबाई गप्पच झाल्या, आता म्हणतात ग्रेझरलाच द्या. एक विचारायचं राहिलं, काल एक अस्वल माशाची नुसती कातडी सोलून आणि अंडी खाऊन बाकी मासा टाकून देत होतं. इतकी नासाडी का?

नदीकाठचा :
नासाडी नाही ती. कातडी, मेंदू आणि गाबोळी यातच सगळ्यात जास्त चरबी. मासे मुबलक असले की मोठी अस्वलं तेवढंच खातात, म्हणजे पोटात जागा राहते. टाकलेलं खाली वाहत जातं, ते लहान अस्वलं आणि सीगल पक्षी संपवतात. मासे कमी झाले की तीच मंडळी शेपटीसकट खातील.

मेळघाटवाला :
वाचायला मजा आली. आपल्या मेळघाटातली अस्वलं मात्र शीतनिद्रा घेतच नाहीत, त्यांना वाळवी, मुंग्या, मध, फळं असं काही ना काही वर्षभर मिळतं, आणि मार्च-एप्रिलात मोहाचा सडा पडला की पहाटे झाडाखाली हजर. म्हणून आमच्याकडे मोह वेचायला जाणारी माणसं अंधारात झाडाजवळ जाताना आवाज करत जातात. इथे असा कॅमेरा लागला तर मी रात्रभर बसेन.

ग्रेझर_फॅन :
ताई, मुलीला सांगा, पुढच्या वर्षी जुलैपासूनच बघायला लागा. उड्या मारणारे सामन धबधब्यावर उभ्या अस्वलाच्या थेट तोंडात जातात ते तेव्हाच दिसतं, सप्टेंबरात सगळे खालच्या संथ पाण्यात मरणाला टेकलेले मासे गोळा करत असतात.