बापाला दाराबाहेर ठेवणारी नन: ह्याला सुधारणा म्हणायचं?

कुंपणावरची

जाणकारांनी जरा प्रकाश टाका. गेले काही दिवस सतराव्या शतकातल्या फ्रान्सबद्दल वाचतेय आणि एका प्रसंगावर गाडी अडकलीय.

पॅरिसजवळ पोर्ट रॉयल नावाचा नन्सचा मठ होता. तिथली ॲबेस, म्हणजे मठाची प्रमुख, अँजेलिक आर्नो, वय वर्षं १८. २५ सप्टेंबर १६०९ ला तिचे घरचे नेहमीसारखे घोडागाडीतून भेटायला आले आणि हिने सगळ्या दारांच्या किल्ल्या आधीच गोळा करून स्वतःकडे ठेवलेल्या. वडील दार ठोकतायत, ही दारातली छोटी झडप उघडते आणि सांगते की आत येता येणार नाही, बाजूच्या भेटीच्या खोलीत बसा, जाळीतून बोलू. वडील पॅरिसमधले नावाजलेले वकील, अशा माणसाला स्वतःच्या पोरीने दारात उभं करायचं म्हणजे काय, ते भडकलेच, भाऊ तर कृतघ्न काय, बापाच्या जिवावर उठलेली काय, वाट्टेल ते बोलला. आणि मग वडील शेवटी जाळीपाशी आले तेव्हा राग उतरला होता, एवढंच म्हणाले की निदान तब्येतीची हेळसांड करू नकोस. ते ऐकून ही धाडकन बेशुद्ध.

शिव्या खाऊन उभी राहिली आणि मायेच्या एका वाक्याने कोसळली, हे माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

तर प्रश्न असा की सगळीकडे ह्याला रिफॉर्म म्हटलंय. जास्त कुलपं, कमी बोलणं, मांस बंद, मध्यरात्री उठून प्रार्थना, ही कसली सुधारणा? आपण आगरकरांच्या भाषेत वाढलेलो, सुधारणा म्हटलं की बेड्या सैल होणं एवढंच डोक्यात येतं. आणि दुसरं म्हणजे हिला मठात घातलं कोणी, तर ह्याच बापाने. वयाची ११ वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, १६०२ साली, रोमहून मंजुरी मिळावी म्हणून कागदोपत्री वय वाढवून पोरीला ॲबेस करून टाकलं. मग ते दार लावणं ही भक्ती होती की सूड? की दोन्ही?

जुनी_दौत

छान प्रश्न. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

"सुधारणा" ह्या शब्दानेच घोळ होतो. इथे रिफॉर्म म्हणजे मूळ नियमाकडे परत जाणं. पोर्ट रॉयल होता सिस्टर्शियन मठ, म्हणजे सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावर चालणारा, आणि त्या नियमात स्वतःच्या मालकीचं काही ठेवायचं नाही, ठरलेल्या वेळी प्रार्थना, शांतता, हे सगळं होतंच. फक्त कोणी पाळत नव्हतं. अँजेलिक आली तेव्हा तिथे डझनभर नन्स होत्या, कार्निव्हलला सोंगं काढायच्या, नटायच्या. फार मोठी पापं वगैरे नाहीत हो, एखाद्या सुखवस्तू वाड्यातल्या पाहुण्यांसारखं सुखात चाललेलं. अँजेलिक स्वतःही त्यातलीच होती, मठाचा तिला कंटाळा होता, १६०८ मध्ये एका फिरत्या कापुचिन साधूचं प्रवचन ऐकलं आणि पोरगी बदलली.

आता कायदा काय होता ते बघा, कारण त्या दाराची सगळी गोम तिथे आहे. ट्रेंटची परिषद १५४५ ते १५६३ चालली, प्रोटेस्टंटांच्या धक्क्यानंतर कॅथलिक चर्चने स्वतःचं घर आवरायला घेतलं ती ही. नन्सचा विषय अगदी शेवटच्या बैठकीत, डिसेंबर १५६३ मध्ये आला. ठरलं असं की १६ वर्षांखालच्या मुलीची व्रतं घ्यायची नाहीत, त्याआधी बिशपने तिला वेगळं विचारायचं की बाई तू मनाने आलीस की कोणी पाठवलं, आणि मुलीला जबरदस्तीने मठात ढकलणारा चर्चमधून बहिष्कृत. ॲबेस व्हायला सर्वसाधारणपणे वय ४० आणि व्रतं घेऊन ८ वर्षं झालेली हवीत. आणि मठाच्या आत बिशपच्या किंवा वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही, अगदी कोणीही, जायचं नाही.

ह्या हिशोबाने अकरा वर्षांची ॲबेस म्हणजे कायद्याची शुद्ध थट्टा. पण फ्रान्सच्या राजाने ट्रेंटचे नियम राज्याचा कायदा म्हणून कधी स्वीकारलेच नाहीत आणि मठांच्या नेमणुका राजाच्या हातात, मग मठ म्हणजे घराण्याची जहागीर होऊन बसलेला. अँजेलिकच्या आजोबांनी चौथ्या हेन्रीकडून दोन नातींसाठी दोन मठ मिळवले होते, धाकटी अॅग्नेस तर हिच्याहूनही लहान असताना सँ-सीरच्या मठाची ॲबेस!

त्यामुळे ते दार मला असं दिसतं. वडील हवं तेव्हा आत यायचे, बांधकाम बघायचे, पैसा लावायचे, मुलगी ॲबेस आणि कारभारी बाप. आणि अठराव्या वर्षी ती त्यांच्याहून मोठा कायदा शोधून आणते ज्यापुढे बापाचं काही चालत नाही. त्या दिवशी दारातला सगळ्यात भारी संवाद अॅग्नेसचा आहे. भाऊ तिच्यापाशी ताईची तक्रार करतो तर ही पंधरा-सोळा वर्षांची पोर त्याला ऐकवते की ट्रेंटच्या परिषदेने सांगितलंय तेच ताई करतेय. भाऊ कपाळाला हात लावतो की घ्या, ही पण आता परिषदा आणि कलमं सांगायला लागली!

सूड की भक्ती म्हणाल तर मी सूड म्हणणार नाही. सूड घेणारी माणसं बेशुद्ध पडत नाहीत.

मीठमिरची

सगळं खरं असेल, पण ही वकिलाची हुशार पोरगी आहे म्हणून गोष्ट गोड वाटते. तेच कुलूप व्हेनिसमध्ये बघा. तिथल्या सरदार घराण्यांत लग्नाचा हुंडा इतका वाढला की एकीचं लग्न करायचं आणि बाकीच्यांना मठात टाकायचं हा सरळ व्यवहार झाला, मठालाही हुंडा लागायचाच पण त्या मानाने किरकोळ. सोळाव्या शतकाच्या शेवटी व्हेनिसच्या खानदानी बायकांपैकी निम्म्याच्या आसपास मठांत होत्या. निम्म्या! एवढ्या सगळ्यांना एकदम देवाचं बोलावणं आलं होतं का?

आणि बिशप वेगळं विचारणार होता ना, खुशीने आलीस का म्हणून? विचारलं की मुलगी हो म्हणायची. दुसरं काय म्हणेल, बाहेर बाप उभा आहे आणि घरी परत गेली तर कोण ठेवून घेणार आहे.

तिथली अर्कान्जेला ताराबोत्ती नावाची नन होती, १६०४ चा जन्म, पायाने अधू म्हणून लग्नाच्या यादीतून बाद, अकरा-बाराव्या वर्षापासून सांतान्नाच्या मठात. तिने आयुष्यभर आतून लिहिलं की बाप लोक देवाच्या नावाने मुलींना जिवंत गाडतात आणि सरकारला हे सोयीचं आहे कारण इस्टेटीचे तुकडे होत नाहीत. तिचं तसलं एक पुस्तक ती गेल्यावर १६५४ ला छापलं गेलं आणि काही वर्षांत रोमने बंदीच्या यादीत टाकलं. मुलीला ढकलणाऱ्या बापाला बहिष्कार घालणारं चर्च तेच, आणि त्या बापाविरुद्ध लिहिणारीच्या पुस्तकावर बंदी घालणारंही तेच. ट्रेंटची कलमं कागदावर फार सुंदर आहेत. पाळली कुठली गेली तर भिंतीची.

पायवाट

मीठमिरची +१, पण एक आहे. भिंत सगळ्यांना सारखी नव्हती.

आविलाच्या तेरेसाचं बघा. ती स्पेनमधल्या ज्या एन्कार्नासिओन मठात राहिली तिथे १५० च्या वर बायका, श्रीमंत घरच्यांना स्वतंत्र खोल्या आणि नावापुढे डोन्या ही मानाची पदवी, गरिबाघरच्या सामायिक दालनात झोपणार. खायला पुरायचं नाही म्हणून नन्स महिनोन् महिने नातेवाइकांकडे जाऊन राहायच्या. म्हणजे दार उघडं होतं पण बाहेरची उच्चनीचता जशीच्या तशी आत. तेरेसाने १५६२ मध्ये सान होसे हा छोटा मठ काढला, सुरुवातीला १३ जणींपुरता, पायात दोरीच्या चपला, डोन्या-बिन्या बंद, झाडू सगळ्यांनी मारायचा, प्रमुख असली तरी. दार घट्ट बंद. तिच्या दृष्टीने बंद दारामुळेच आतल्या बायका सारख्या झाल्या.

गंमत पुढे आहे. १५७१ मध्ये वरिष्ठांनी तिलाच त्या जुन्या मोठ्या मठाची प्रमुख म्हणून नेमलं, नन्सना न विचारता. नन्सनी दारातच गोंधळ घातला, प्रमुख निवडायचा हक्क आमचा आहे म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं! नंतर पहिल्या सभेला सगळ्या भांडणाच्या तयारीने आल्या तर प्रमुखाच्या खुर्चीवर मेरीची मूर्ती, तिच्या हातात मठाच्या किल्ल्या, आणि तेरेसा खाली तिच्या पायाशी बसलेली. भांडणार कोणाशी? बाई राजकारणात पण पोचलेली होती.

आणि ज्यांना भिंत नकोच होती त्यांचं काय झालं तेही बघा. मेरी वॉर्ड, इंग्लिश बाई, जन्म १५८५. जेझुइट ह्या पुरुषांच्या धर्मसंघासारखं बाहेर राहून मुलींना शिकवायचं म्हणून तिने संस्था काढली, पायी फिरून युरोपभर शाळा उभ्या केल्या. १६३१ मध्ये पोपने संस्थाच बंद केली आणि तिला म्युनिकच्या एका मठात कोंडलं, पाखंडी म्हणून. ती आतून लिंबाच्या रसाने चिठ्ठ्या लिहायची, वस्तू गुंडाळायच्या कागदावर, कागद धगीला धरला की अक्षरं उमटायची. फ्रान्सिस द सालने १६१० मध्ये काढलेल्या व्हिजिटेशन ह्या बायकांच्या संघाचंही तेच, नावातच भेटी देणं, बायकांनी आजाऱ्यांच्या घरी जावं ही कल्पना, काही वर्षांत लिऑंच्या आर्चबिशपने दबाव आणून त्यांनाही आत बसवलं. सुटला फक्त व्हिन्सेंट द पॉल, त्याने आपल्या संस्थेतल्या मुलींना नन म्हणवूच दिलं नाही, कायमची व्रतं नाहीत, दर वर्षी नवी, आणि सांगितलं की तुमचा मठ म्हणजे आजाऱ्याचं घर आणि तुमचं आवार म्हणजे शहराचे रस्ते. कायद्यातली फट बरोबर शोधली माणसाने.

कुंपणावरची

बाप रे, लिंबाचा रस. धन्यवाद सगळ्यांना.

@जुनी_दौत, तुमचं पटलं पण अर्धवट. अँजेलिकने बापाचा हुकूम मोडायला चर्चचा हुकूम वापरला, ठीक. पण मग स्वतः ॲबेस म्हणून तिने आतल्या बायकांवर तेच केलं ना? त्या कार्निव्हलवाल्या नन्सना कोणी विचारलं? आणि पुढे ह्याच पोर्ट रॉयलला बंडखोर ठरवलं असं वाचलं. एवढी शिस्त शिकवलेल्या बायका बंड कशा करतात?

जुनी_दौत

पहिल्या प्रश्नावर मी गप्पच बसायला हवं, कारण मुद्दा बरोबर आहे. तरी एक सांगतो. दाराच्या आधी तिने आतलं आवरलं होतं, सगळ्यांनी आपापल्या पेट्या, कपडे, पैसे एकत्र करायचे. हुकूम कमी आणि स्वतः उपाशी राहून, जाडंभरडं नेसून बाकीच्यांना ओशाळं करणं जास्त. एका म्हाताऱ्या ननने सगळं दिलं पण स्वतःची छोटी बाग सोडेना, तिथे कोणाला पाऊल टाकू द्यायची नाही. बरेच दिवस गेले आणि एक दिवस तिने बागेची किल्ली चिठ्ठीत घालून पाठवून दिली. ह्याला कोणी हृदयपरिवर्तन म्हणेल, कोणी म्हणेल की रोजच्या नजरांना म्हातारी कंटाळली. मला दोन्ही दिसतं.

१६१८ ला मोब्यिसाँच्या मठात मात्र सरळ बळाचा वापर झाला, तिथली जुनी ॲबेस एस्त्रे घराण्यातली, चौथ्या हेन्रीची प्रेयसी गॅब्रिएल हिची बहीण, तिला सरकारी माणसं घालून उचललं आणि अँजेलिकला सुधारणेसाठी पाठवलं. पुढच्या वर्षी ती बाई हत्यारबंद माणसं घेऊन परत आली आणि हिलाच हाकललं, ही बरोबरच्या नन्सना घेऊन रांगेने चालत पाँत्वाझ गावात गेली. म्हणजे दार कोण लावणार ह्याचा निकाल शेवटी बंदुकवालेच लावायचे.

आता बंड. १६५३ मध्ये पोपने यान्सेन ह्या बिशपच्या नावावरची पाच विधानं पाखंडी ठरवली. पोर्ट रॉयल यान्सेनच्या बाजूचं, अँजेलिकचा सगळ्यात धाकटा भाऊ त्या पक्षाचा मोठा पंडित. १६६१ पासून सगळ्यांनी कागदावर सही करायची असं निघालं की ती विधानं चूक आहेत आणि ती यान्सेनच्या पुस्तकात आहेत. अँजेलिक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेली. नन्स म्हणाल्या पहिलं मान्य, पोप सांगतो म्हणजे चूकच असणार. पण दुसरं? ते जाडजूड लॅटिन पुस्तक आम्ही वाचलेलं नाही, त्यात काय आहे हे शपथेवर कसं लिहून देऊ? ते खोटं बोलणं होईल.

हे बंड त्या शिस्तीतूनच आलंय बघा. ज्या बाईला पन्नास वर्षं शिकवलं की क्षुल्लक खोटंही पाप आहे, रोज झोपायच्या आधी मन तपासायचं, तिला तुम्ही न वाचलेल्या गोष्टीवर सही कर म्हणून सांगताय. ब्लेझ पास्कालची बहीण जॅकलीन तिथेच नन होती, तिने शेवटी सही केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली, वय ३६.

ऑगस्ट १६६४ मध्ये आर्चबिशप पेरेफिक्स स्वतः आला. देवदूतांसारख्या पवित्र आणि सैतानासारख्या गर्विष्ठ, असं तो ह्यांच्याबद्दल म्हणाला म्हणतात. २६ तारखेला गाड्या आणि शिपाई घेऊन आला आणि १२ जणींना उचलून वेगवेगळ्या मठांत नेऊन ठेवलं, त्यात म्हातारी अॅग्नेस होती, तीच ती, कलमं सांगणारी. मागे राहिलेल्यांवर देखरेखीला बसवल्या व्हिजिटेशनच्या नन्स. पायवाट, तुमच्या त्याच, ज्यांना स्वतः कधीकाळी बाहेर फिरायचं होतं.

मीठमिरची

म्हणजे बापाला अडवायला जे दार लावलं त्याची किल्ली आर्चबिशपच्या खिशात गेली. मी काय वेगळं म्हणत होतो?

जुनी_दौत

किल्ली गेली हो, पण सही नाही मिळाली. मधल्या काळात पोर्ट रॉयलचं एक घर पॅरिस शहरातही झालं होतं, न सही करणाऱ्या पुढे शहराबाहेरच्या जुन्या, मूळ मठात पहाऱ्यात राहिल्या, कम्युनियन म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद बंद, मरताना शेवटचे संस्कारसुद्धा नाहीत, आणि ह्या श्रद्धाळू बायका आहेत हे लक्षात घ्या, त्यांच्यासाठी ते जेलपेक्षा वाईट. १६६९ ला तडजोड झाली. नंतर चौदाव्या लुईने नवीन मुली घ्यायला बंदी केली, म्हणजे मरायची वाट बघणं. तेवढीही वाट बघवली नाही, २९ ऑक्टोबर १७०९ ला पोलीस पाठवून उरलेल्या २२ जणींना एकेक करून वेगवेगळीकडे पाठवलं, मग इमारती पाडल्या, नंतर कबरीही उकरल्या.

कुंपणावरची

२२ म्हाताऱ्यांसाठी पोलीस.

अॅग्नेसबद्दल कोणाला अजून माहिती असेल तर सांगा ना, मला आता अँजेलिकपेक्षा तीच जास्त डोक्यात बसलीय. गाडीत बसवून नेलं तेव्हा सत्तरीची असेल ना?

पायवाट

जन्म १५९३, म्हणजे सत्तर पार. १६६५ मध्ये परत आणलं, त्या पहाऱ्यातल्या मठात, आणि १६७१ ला तिथेच गेली. मठाचे रोजचे नियम लिहिले ते तिनेच, अँजेलिकने नाही.