धानाचा पेंढा न जाळता गहू पेरायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरजवळ डबऱ्याकडे आमचं धान असतं, कापणी भाड्याच्या कंबाइनने. त्या मशीनला मागे सुपर एसएमएस (पेंढा चिरून पसरवणारं जोडयंत्र) नाही, त्यामुळे पेंढा बारीक होऊन पसरत नाही. पट्ट्यापट्ट्यांनी ढीग पडतात आणि वीत-दीड वीत नरवाई (कापणीनंतरची धसकटं) उभी राहते. गव्हाची पेरणी नोव्हेंबरात उरकायलाच हवी.

जाळायचं नाही हे पक्कं. बंदी आहेच, पण पेंढ्यातला नत्र आणि गंधक डोळ्यांदेखत धुरात जातो ते बघवतही नाही.

हॅपी सीडर (नरवाईत न नांगरता थेट पेरणारं यंत्र) लावून पाहिला, ढिगांवर फाळ तुंबतात. पूसा डीकंपोजरला (पेंढा कुजवणारं बुरशीचं द्रावण) २०-२५ दिवस लागतात, तेवढी सवड नाही. बेलर (पेंढ्याचे गठ्ठे बांधणारं यंत्र) वेळेवर मिळत नाही, गुरं हा पेंढा नीट खात नाहीत. सुपर सीडर (पेंढा मातीत मिसळत पेरणारं यंत्र) भाड्याने मिळेल, पण आमचा ट्रॅक्टर ४५ एचपीचा आणि जमीन चिकण.

तर आधी मल्चर (पेंढा बारीक करणारं यंत्र) फिरवून मग झिरो टिल ड्रिलने (न नांगरता पेरणाऱ्या पाभरीने) पेरलेलं चालतं का, की सुपर सीडरसाठी ५५ एचपीचा ट्रॅक्टरही भाड्यानेच घ्यावा? आणि पेंढा मातीत मिसळला तर गव्हाला सुरुवातीचा युरिया किती वाढवता?