दुसऱ्याला आतून काय वाटतं हे सायन्सला कळू शकतं का?

कोथरूडचा_पप्पू: काल पेठेत मिसळ खाताना भावाशी जुंपली. तो घाम पुसतोय आणि मला काहीच तिखट लागत नाहीये, वर साहेब म्हणतात तुला काय होतंय ते तुझं तुलाच, मेंदू उघडला तरी न्यूरॉन दिसतील तिखट दिसणार नाही, सबब हा सायन्सचा प्रांतच नाही. पटत नाहीये पण उत्तरही सुचेना.

ठेचा_प्रेमी: अहो तिखटाचंच घ्या की. स्कोव्हिलने १९१२ ला मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला, चाखणाऱ्यांना तिखट लागायचं थांबेपर्यंत. म्हणजे मोजपट्टी लोकांची जीभच! पुढे १९९७ ला डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाच्या टीमला कॅप्सेसिनचा, म्हणजे मिरचीतल्या तिखट पदार्थाचा, रिसेप्टर (तो ओळखणारा नसांवरचा संवेदक) सापडला, तोच चटका बसल्यावरही चालू होतो, म्हणून तिखटाने तोंड भाजतं. २०२१ चं नोबेल मिळालं. लोकांचं सांगणं उडवून लावलं असतं तर शोधायचं काय हेच कळलं नसतं.

संशयात्मा: रिसेप्टर कळला, भाजणं कुठे कळलं? मेंदूशास्त्रज्ञ कॉखने १९९८ ला तत्त्वज्ञ चाल्मर्सशी पैज लावली होती की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल. २०२३ ला हरला, वाइन द्यावी लागली. भाऊ जिंकला.

भूलवाली: पैज कधी सापडेल याची होती हो, शोधता येतं का याची नाही. मी ॲनेस्थेटिस्ट आहे, आमच्यात एक जुनी पद्धत आहे. स्नायू सैल करायचं औषध द्यायच्या आधी एका हाताला बीपीसारखा कफ आवळायचा, त्या हातात औषध पोचत नाही म्हणून तो हलवता येतो, मग भूल दिलेल्या पेशंटच्या कानाशी म्हणायचं की ऐकू येत असेल तर हात दाबा. काही जण चक्क दाबतात, आणि जाग आल्यावर विचाराल तर काही आठवत नसतं! आता बोला, अनुभव होता का नव्हता? २००६ ला मेंदूशास्त्रज्ञ ओवेनच्या टीमने तर अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या बाईला स्कॅनरमध्ये सांगितलं की टेनिस खेळतेय अशी कल्पना कर, आणि मेंदूत निरोगी माणसासारखाच भाग चालू झाला. तिला कसं वाटत होतं ते नाही कळलं, मान्य, पण ती आत आहे हे कळलं ना, घरच्यांना विचारा त्याची किंमत.

संशयात्मा: एवढं मान्य. पण "कसं वाटतं" हाच तर मूळ प्रश्न होता.

कोथरूडचा_पप्पू: मॅडम ते कफचं इथे पण करतात का? पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे, आता झोप उडाली.

भूलवाली: रुटीनला नाही, मुख्यतः रिसर्चमध्ये. भुलीच्या गॅसचं प्रमाण मॉनिटरवर सतत दिसत असतं. बाकी शंका तुमच्या भूलतज्ज्ञांना भेटून विचारा, इथे नको.