चकवा लागला तर बसून राहा
चकवा, म्हणजे रानात वाट चुकवून माणसाला गोल गोल फिरवणारं भूत, हे निव्वळ थोतांड आहे असं कोणी कोणी म्हणतं, पण मला नाही तसं वाटत. कोकणात जुनी माणसं सांगतात ना, रानात फिरून फिरून त्याच झाडापाशी आलास तर तिथेच बस, उजाडेपर्यंत हलू नको, त्यात खरंच दम आहे. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जीपीएस लावून जंगलात सरळ चालायला सांगितलं, तर ढगाळ दिवशी ते गोल फिरून आपल्याच वाटेवर परत येत होते आणि त्यांना पत्ताच नाही! म्हणजे भूत असो नसो, अनुभव खरा आहे. सह्याद्रीत तर धुकं आणि कडे दोन्ही, अंधारात चालत राहणं जिवावर बेतू शकतं, म्हणून टॉर्च, शिट्टी जवळ ठेवा आणि घरी रूट सांगून जा प्लीज.