सोसायटी ग्रुप: वॉचमनची दशैंची रजा आणि बाबुराम भट्टराई

ए-३०२: वॉचमन दशैंला (त्यांचा दसरा) नेपाळात गोरख्याला निघाला, बदली माणूस अजून ठरलेला नाही. रात्री गेटवर कोण बसणार? सेक्रेटरीसाहेब कृपया उत्तर द्यावे 🙏

बी-१०४: जाऊ द्या हो, वर्षातून एकदाच जातो. तिकडे कामधंदा असता तर इथे आला असता का? सगळे मंत्री चोर तिकडचे.

सी-५०१: सरसकट चोर म्हणू नका. त्याच गोरखा जिल्ह्यातला माओवादी नेता बाबुराम भट्टराई. चंदीगडला आर्किटेक्चर, दिल्लीला प्लॅनिंग, मग जेएनयूची पीएचडी, विषयच नेपाळ मागास का राहिला हा. २००८ ला अर्थमंत्री झाला आणि त्या आर्थिक वर्षात महसूल तब्बल ३३ टक्क्यांच्या आसपास वाढला, राजेशाही नुकतीच गेलेली, देश खिळखिळा, तरी.

बी-१०४: त्याआधी काय करत होते तेही लिहा की काका. १९९६ ला सरकारला ४० मागण्यांचं पत्र देऊन युद्ध कोणी पुकारलं? दहा वर्षांत १७ हजारांच्या आसपास माणसं गेली.

ए-३०२: रात्री गेटवर कोण बसणार???

सेक्रेटरी: एजन्सीचा माणूस येतोय, काल नोटीस बोर्डावर लावलंय. वाचत जा.

ए-२०१: माओवादी अर्थमंत्री म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी घाबरूनच भरला असेल टॅक्स 😄

सी-५०१: थोडं तसंही असेल ताई, पण नुसत्या भीतीने तिजोरी भरत नाही. लपवलेलं उत्पन्न जाहीर करा, १० टक्के कर भरा, पैसा कुठून आला विचारणार नाही, अशी योजना आणली होती त्यांनी.

बी-१०४: म्हणजे चोरांना माफी. आपल्याकडे पण काही जण व्याज माफ करा म्हणतात, मेंटेनन्स न भरता.

बी-३०३: हे कोणाला उद्देशून आहे? नाव घेऊन बोला. बेडरूममध्ये लिकेज आहे म्हणून पैसे थांबवलेत, लेखी दिलंय कमिटीला.

सेक्रेटरी: वैयक्तिक नको प्लीज.

बी-१०४: आणि १७ हजारांचं कोणी बोलत नाही.

ए-२०१: पंतप्रधान असताना नेपाळात जुळवलेली मुस्तांग गाडी वापरायचे तेच ना हे? इथे नगरसेवकाला फॉर्च्युनर लागते.

सी-५०१: तेच, २०११ ला. पण २०१२ मध्ये संविधान न होताच संविधान सभा विसर्जित झाली. २०१५ ला संविधान आलं तर आठवड्याभरात यांनी पक्ष सोडला, मग नया शक्ती, मग समाजवादी, मग जनता समाजवादी, पुढे आणखी एक, आणि २०२२ ला गोरख्यातली जागा जुने माओवादी सहकारी प्रचंड यांना सोडून मोकळे. अर्थखातं जेमतेम नऊ महिने मिळालं हो, नंतर सगळी वर्षं पक्ष जोडण्या-तोडण्यात. मनापासून वाईट वाटतं मला.

ए-२०१: आत्ता गेटवर वॉचमनलाच विचारलं. म्हणाला, बाबुराम पढ़ा-लिखा आदमी है, पर हम तो इधर ही हैं ना मॅडम.

बी-१०४: घ्या काका. आणि १७ हजार.

सी-५०१: त्या माणसांचा हिशोब त्यांनी द्यायलाच हवा, मी कधी नको म्हटलं? पण कराचं श्रेयही त्यांचंच आहे.

बी-३०३: सेक्रेटरीसाहेब, एजीएमच्या अजेंड्यावर लिकेज पहिला घ्या. आणि बी-१०४ यांनी माझी माफी मागावी.