कोकण सायकलने, कमी पैशांत: बचत नेमकी कशात करायची?

घाटवळण:
रेवसहून सागरी मार्गाने दक्षिणेला जायचं तर आधी महागडी गिअरची सायकल घ्या, असं नव्या मुलांना सर्रास सांगितलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. घरची २८ इंची काळी सायकल काढा. मागच्या चाकाचं १८ दातांचं फ्रीव्हील, म्हणजे साखळी बसते ते दातेरी चक्र, उतरवून २२ दातांचं बसवा, चढाला पाय बराच हलका पडतो. तिची ट्यूब, स्पोक, ब्रेकचे गट्टे गावातल्या साध्या दुकानातही मिळतात. भारी सायकलची ट्यूब फाटली तर शहर गाठावं लागतं. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या खाड्या जंगलजेटीने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीने, पार होतात. रात्री देवळात पथारी टाकायची. खर्च उरतो तो पोटाचा.

चाकोरी:
फ्रीव्हीलचं मान्य, पण ब्रेकचं काय? चढ ढकलत चढता येतो, उतार तसा उतरवत नाही. दापोलीहून दाभोळच्या धक्क्याकडे उतरताना मागे सामानाचं ओझं असतं. त्यात रिम लोखंडी आणि ओली असली की गट्टे नुसते घासतात, सायकल थांबत नाही. गिअर नसले तरी चालतील, पण अॅल्युमिनियमची रिम आणि व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी घट्ट आवळणारे, तारेचे ब्रेक) हवेतच. अशी जुनी सायकल घ्या. जीव जिथे अडकलाय तिथे काटकसर नको.

खाडीपलीकडे:
माझा आक्षेप पथारीला आहे. आमच्या कोकणातल्या गावात देऊळ म्हणजे रिकामी खोली नव्हे. गुरवाला, गावकऱ्यांना विचारावं लागतं, आणि ते नाही म्हणाले तर निमूट पुढे जावं. त्यातही संध्याकाळी सात वाजता येऊन "जेवायला काय मिळेल?" म्हणणारे पुष्कळ. भाकऱ्या थापणारी बाई तेव्हा चूल आवरत असते. दुपारीच फोन करा, आणि ताटाच्या पैशांत घासाघीस करू नका. तुमची बचत आमच्या खिशातून कशाला?

घाटवळण:
ताटाच्या पैशांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण मुक्कामालाही पैसे मोजायचे म्हटलं तर कॉलेजातली पोरं घराबाहेरच पडणार नाहीत. विचारून झोपावं, सकाळी ओसरी झाडून निघावं, यात गैर काय?

खाडीपलीकडे:
पोरांना कोण अडवतंय? जेवण घ्या, अंगणात तंबू लावा, विहिरीचं पाणी घ्या. अंगणाचे पैसे आमच्या आळीत तरी कोणी मागत नाही. पण देवळात झोपणं हा सफरीचा हक्कच आहे असं नव्यांना शिकवू नका, एवढंच म्हणणं आहे.