ड्यूक फार्म्समध्ये (हिल्सबरो, न्यू जर्सी) आई-बाबांना कुठल्या वाटेनं न्यावं?

सोमरसेटकर

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून येतायत. मागच्या खेपेला नायगारा, वॉशिंग्टन, टाइम्स स्क्वेअर सगळं उरकलं आणि परतायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी मला काही दाखवू नकोस. नुसतं चालायला ने." आमच्या कॉलनीतला फूटपाथ पहिल्या वळणावरच संपतो, पुढे लोकांची लॉन्स. म्हणून ड्यूक फार्म्स, एका जुन्या धनाढ्य कुटुंबाची मोठी इस्टेट, आता सगळ्यांना चालायला खुली. घरापासून बारा मिनिटं. आम्ही एकदाच गेलोय, तेव्हा लेक स्ट्रोलरमध्ये झोपली होती आणि ती उठायच्या आत परतलो, त्यामुळे पाहिलं असं काहीच नाही. नकाशा उघडला तर वाटा शेवया सांडल्यासारख्या.

अडचण अशी की आईचा उजवा गुडघा सपाटीला अर्धा तास साथ देतो, चढ लागला की संपलं. बाबा ७३ वर्षांचे, दोन तास चालतील आणि मागे वळून बघणार नाहीत. दोघांना एकाच दिवशी नेता येईल असं काही? शिवाय नुसती झाडी दाखवली तर "ताम्हिणीत काय कमी आहे?" हे ठरलेलं. त्यांना गुंतवायला काही असेल तर तेही सांगा.

पाटकरी

मी तुमच्या बाबांच्या वयाचाच, ७१ पूर्ण. तेव्हा हे त्यांच्या बाजूचं उत्तर समजा. मूळ साताऱ्याकडचा, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त. लेक हिल्सबरोला असते. आजवर चार उन्हाळे इथं काढले आणि त्यातले निम्मे दिवस ड्यूक फार्म्समध्येच गेले म्हटलं तरी चालेल. सकाळी जावई सोडतो, अकराला लेक न्यायला येते. शाळेत घातल्यासारखं.

आधी आईंचं बघू. गाडी फार्म बार्नपाशी लावायची. ही १९०५ ची दगडी इमारत, घोडे आणि गाई बांधायची. आता तिथं स्वागतकक्ष, कॅफे आणि स्वच्छतागृहं आहेत. आपल्याकडच्या कित्येक विश्रामगृहांपेक्षा तो गोठा बरा. तिथून ऑर्किड रेंजकडं निघा, म्हणजे जुन्या काचघराकडं. मुख्य रस्ते घोडागाड्यांसाठी आखलेले असल्यामुळं अंगावर येणारा चढ नाही. आमच्या सौभाग्यवतींचे दोन्ही गुडघे तक्रारीचे, त्या दोन बाकांवर टेकत पोचतात. काचघरात शिरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि कोकणात उतरल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी ही तिथं उभी राहून म्हणाली, "आमच्या माहेरी सीतेची वेणी आंब्यावर फुकट लटकायची, इथं तिच्या बहिणींना हीटर लावलाय." आता मात्र तिथनं हलत नाही. आईंना तिथं बसवा, पाण्याची बाटली द्या आणि बाबांना पुढं काढा.

आता बाबांचं. त्यांना झाडं दाखवूच नका, पाणी दाखवा.

ही जागा जेम्स ब्युकॅनन ड्यूकची. तंबाखूचा राजा. सिगारेटी वळायच्या यंत्राचं महत्त्व त्यानं फार लवकर ओळखलं, १८९० मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली आणि १९११ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती मक्तेदारी म्हणून फोडली. त्याचा दुसरा मोठा धंदा कॅरोलायनातल्या जलविद्युतचा. तंबाखूबद्दल मला प्रेम नाही, पण पाणी वळवणाऱ्या माणसाबद्दल मन जरा मऊ होतं.

१८९३ पासून त्यानं इथली शेतं विकत घ्यायला सुरुवात केली. आज सगळं मिळून २,७०० एकरांच्या वर आहे. सपाट शिवार होतं. त्यानं नऊ तळी खोदली आणि निघालेली माती टाकून टेकड्या केल्या. खुदाई तिथंच भराव, आमच्या खात्यात याला शाबासकी मिळाली असती. शेजारून रॅरिटन नदी जाते. तिचं पाणी पंपानं उंचावर चढवायचं, मग उतारानं एका तळ्यातून दुसऱ्यात आणि शेवटी पुन्हा नदीत. सरळ भाषेत, एका माणसाच्या हौसेसाठी केलेली उपसा सिंचन योजना. लाभक्षेत्र शून्य. भिजत काहीच नव्हतं, फक्त कारंजी उडायची.

हे कळल्यावर मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला. तिथले रस्ते मुद्दाम वळणाचे ठेवलेत, पुढं काय आहे ते दिसू नये म्हणून. नकाशा घेतला नव्हता, फोन चार्जिंगला घरी. वाट चुकलो. म्हटलं, चाळीस वर्षं पाण्यात काढली, पाण्याच्या मागं जाऊ, कुठंतरी माणसात निघू. एका तळ्याच्या सांडव्याखालून ओहोळ धरला, तो दुसऱ्या तळ्यात. त्याचा सांडवा गाठला, तो तिसऱ्यात. प्रत्येक वेळी वाटायचं, आता आलंच. तासाभरानं डोक्यात प्रकाश पडला की ही सगळी साखळी नदीला जाते आणि मी माणसांपासून लांब लांब चाललोय. शेवटी हरणांसाठी घातलेल्या उंच जाळीच्या कुंपणाला नाक लावून उभा. सायकलवरून एक आजी आल्या, माझ्याहून मोठ्या असाव्यात. त्यांनी सायकल हातात धरून मला फार्म बार्नपर्यंत चालत आणलं आणि वाटेत माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. लेक पार्किंगमध्ये रडकुंडीला आलेली. तेव्हापासून नकाशाची घडी शर्टाच्या खिशात असते, चष्म्याशेजारी.

तर बाबांना ग्रेट फॉल्सकडं न्या. दगडांवरून पडणारा मोठा धबधबा, पण बाबांना आधीच सांगा की हा निसर्गाचा नाही, पंपाचा आहे. ताम्हिणीशी तुलना तिथंच मिटेल. मग व्हिस्टा लेक. मग जुना पाया. ड्यूकला इथं मोठा महाल बांधायचा होता, काम पायावरच थांबलं. आता त्या पायात झाडं आणि भिंतींवर शेवाळ. माझा तिथं सगळ्यात जास्त वेळ जातो. अर्धवट राहिलेली बांधकामं बघायची मला सवय आहे, पण इतकी देखणी पाहिली नव्हती. शेवटी गवताचं जुनं कोठार. आगीत छप्पर गेलं, दगडी भिंती राहिल्या, आत हिरवळीवर संगमरवरी पुतळे. एकीच्या कोपराखाली कोळ्यानं घर केलेलं असतं, दरवर्षी.

ड्यूक १९२५ मध्ये वारला तेव्हा मुलगी डोरिस १२ वर्षांची. इतका पैसा त्या वयात. १९३५ मध्ये लग्नानंतरच्या जगप्रवासात ती भारतात आली होती, गांधीजींना भेटली आणि ताजमहाल बघून इतकी भारावली की पुढं हवाईत घर बांधलं त्यात आग्र्याचं संगमरवरी काम करून घेतलं. हे बाबांना सांगाच, पुढचा अर्धा मैल त्यावर निघेल. १९९३ मध्ये ती गेली आणि जागा तिच्या फाउंडेशनकडं आली. २०१२ च्या मे महिन्यात सगळ्यांसाठी खुली झाली. त्याआधी, बरीच वर्षं काचघरातल्या बागा बघायला मिळायच्या तेवढं सोडलं तर, बहुतेक लोकांना रस्त्याकडेची दगडी भिंतच माहीत. तिचा राहता वाडा २०१६ मध्ये पाडला. वाचवायला लोक कोर्टात गेले होते, उपयोग झाला नाही. मला विचाराल तर वाईट वाटतं आणि नाहीही. वाड्याची दुरुस्ती काय खाते ते सरकारी बंगल्यांवर बघितलंय.

प्रवेशाला पैसे नाहीत. उन्हाळ्यात शनिवारी गाडीसाठी ऑनलाइन पास आधी काढावा लागतो. उघडं असण्याचे वार बदलत असतात, आदल्या रात्री बघून घ्या. कुत्रा नेता येत नाही.

मेथीचा वाफा

पाटकरी काका, "लाभक्षेत्र शून्य" वाचून हसले, पण आता ते खरं नाही हं! तिथल्या कम्युनिटी गार्डनमध्ये माझा वाफा आहे. मेथी, अंबाडी, दोडका. शेजारच्या वाफ्यात एक कोरियन आजोबा तिळाची पानं लावतात, त्यांनी अंबाडीची पानं चाखून तोंड जे वाकडं केलं, ते मी विसरणार नाही.

सोमरसेटकर, तुमच्या आईंना बागेची आवड असेल तर माळावरचं मिल्कवीड दाखवा. हे आपल्या रुईच्या कुळातलं. पान मोडलं की तसाच पांढरा चीक (बोट डोळ्याला लावू देऊ नका). आपल्याकडे रुईवर ठिपकेवाली केशरी फुलपाखरं अंडी घालतात ना, त्यांचा चुलतभाऊ मोनार्क इथे मिल्कवीडवर घालतो. जुलैमध्ये पानाखाली काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सुरवंट सापडतात. माझ्या सासूबाई रुई बघून थेट शनिवारच्या मारुतीच्या माळेवर गेल्या. फुलं तोडू नका म्हणून त्यांना दोनदा सांगावं लागलं.

आणि मोठी कुरणं वाढलेली दिसली की आपले लोक म्हणतात, "इतका पैसा आणि गवत कापायला माणूस नाही?" गवत मुद्दामच ठेवतात. बोबोलिंक नावाचे पक्षी जमिनीवर, गवतातच घरटी करतात. पिल्लं उडेपर्यंत कापणी नाही. हे पक्षी हिवाळा काढायला पार दक्षिण अमेरिकेत जातात. काळा नर, मानेमागे साईसारखा पिवळट डाग, आणि आवाज जुना मोडेम लागल्यासारखा. तुमच्या बाबांच्या पिढीला मोडेम आठवत असेल.

चालणं झालं की ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जा. दर्शन आणि कँटीनचा डोसा, सगळं दुपारच्या झोपेच्या आत.

खडूस_फार्मासिस्ट

सगळं छान छान चाललंय म्हणून मी येतो. गोचीड. हरणांमुळे इथे भरपूर. मे-जूनमधली पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि त्यांच्या चाव्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. फुलपँट, मोजे पँटवर ओढून घ्या, कडेच्या गवतात शिरू नका. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, रॉकेल, काडेपेटी, यातलं काही नको. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टर. आपले आई-बाबा "काही नाही, डास असेल" म्हणतात.

दुसरं, तीन-तीन पानांची चकचकीत वेल झाडावर चढलेली असते, तिला हात नाही. पॉयझन आयव्ही. खाजकुयली परवडली, ती निदान लगेच सांगते. ही दुसऱ्या दिवशी सांगते.

सोमरसेटकर

सगळ्यांचे आभार! काल जाऊन आलो. आई ऑर्किडांत रमली ती उठेना, एका ताईंना तिने खुणांनी कुंडी बदलायची पद्धत विचारली आणि त्यांनी खुणांनीच सांगितली. मोजे मी सक्तीने वर ओढायला लावले, बाबा म्हणाले, "मी फुटबॉलला निघाल्यासारखा दिसतोय."

ग्रेट फॉल्सला "पंपाचा" म्हणताच बाबांनी पंप कुठाय ते विचारलं. ते सरकारी वीज मंडळात होते, हे मी लिहायला विसरले. मग एका सांडव्याशी वीस मिनिटं. चप्पल काढून पाण्यात उतरणार होते, मी दंड धरला. घरी येऊन तुमचं उत्तर त्यांनी दोनदा वाचलं, आणि आता विचारतायत की पाटकऱ्यांनी तिथला विसर्ग कधी मोजला होता का, आणि किती क्युसेक आला?

पाटकरी

वीज मंडळ! मग आमचं पाणी सोडायच्या वेळेवरून भांडण ठरलेलं.

मोजलेला नाही. काठावरून पाण्याची जाडी साधारण चार बोटं दिसते, पण बोटांवर विसर्ग काढला तर आमचे जुने साहेब फाइल तोंडावर फेकतील. सांडव्याची लांबी पावलांनी धरता येईल, जाडीला पट्टी हवी. शनिवारचा पास मिळाला तर कळवा. नऊला फार्म बार्नच्या बाकावर असतो, खिशात नकाशा, डोक्यावर पांढरी टोपी. टेप मी आणतो. बाबांना म्हणावं पेन्सिल आणा, बॉलपेन ओल्या हातानं चालत नाही. आणि पाण्यात कोणी उतरायचं नाही, पट्टी काठावरूनच.